पंधरा लाखांत नवी साधी गाडी घ्यावी की जुनी मर्सिडीज?

आपण विचारले आहे की, पंधरा लाखांच्या आसपास रक्कम हाताशी असताना नवी साधी गाडी घ्यावी, की तेवढ्याच पैशात मिळणारी आठ-दहा वर्षे वापरलेली मर्सिडीज ई-क्लास घ्यावी. आणि रोजचे येणे-जाणे तीस किलोमीटरचे असल्यास मायलेजच्या दृष्टीने कोणती परवडेल. माझे उत्तर सरळ आहे : नवी साधी गाडी घ्या. सांगली-कोल्हापूर भागात ठोकलेल्या, उलटलेल्या आणि बुडालेल्या गाड्यांचे नुकसान मोजणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणजे मी वाहन विम्याचा परवानाधारक सर्व्हेअर आहे. त्यामुळे शोरूममध्ये गाडी कशी दिसते यापेक्षा ती वर्कशॉपच्या लिफ्टवर कशी दिसते, हेच मी अधिक पाहिले आहे.

जुन्या आलिशान गाडीच्या व्यवहारातली मेख एवढीच आहे की, गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. पन्नास-पंचावन्न लाखांची गाडी आपल्याला पंधरा लाखांत मिळते, मात्र तिचा हेडलाइट पंचावन्न लाखांच्या गाडीचाच असतो. अशाच एका गाडीचा हेडलाइट मला आठवतो. काच शाबूत, दिवा चालू, फक्त बॉडीला धरून ठेवणारा प्लास्टिकचा अंगठ्याएवढा कान तुटलेला. तो कान वेगळा मिळत नाही, म्हणून पूर्ण दिवा बदलावा लागला आणि एका बाजूच्या दिव्याचे बिल लाखाच्या पुढे गेले. त्यावर विम्याचा नियम असा की, साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणापोटीची वजावट, कापला जातो. तो टाळणारे झीरो डेपचे संरक्षण बहुतेक कंपन्या जुन्या गाडीला देतच नाहीत. मर्सिडीज तर पुण्याजवळ चाकणला तयार होते, मग भाग महाग कसे, असे पुष्कळ जण विचारतात. चाकणला मुख्यतः जुळणी होते. भागांपैकी बरेचसे परदेशातूनच येतात आणि त्यांचे दर त्याच हिशेबाने लागतात.

हे सर्व मी माझ्या थोरल्या साडूंना २०१७ साली, त्यांच्या ओसरीवर बसून, याच शब्दांत सांगितले होते. ते सरकारी कामांचे ठेकेदार आहेत. दिल्लीहून २०१२ सालची डिझेल ई-क्लास अठरा लाखांत आणण्याचे त्यांच्या मनाने घेतले होते. दिल्लीत अशा गाड्या स्वस्त का मिळतात याचे कारण उघड आहे : राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आली, तेव्हा पाच वर्षांची झालेली गाडी तेथल्या मालकाच्या दृष्टीने निम्मे आयुष्य संपलेली असते. ती महाराष्ट्रात आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी हवी आणि येथे नव्याने पासिंग करून रस्ताकर पुन्हा भरायला हवा. आपल्याकडे नव्या डिझेल गाडीला किमतीनुसार १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी पडतो, तरी आकडा लहान नसतो. साडूंनी हे सर्व निस्तरले. त्यांचे म्हणणे एकच होते : कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयासमोर मर्सिडीज उभी राहिली, की समोरचा माणूस खुर्चीतून उठून बोलतो. ई-निविदेत कमीत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते, गाडीचा फोटो कोणी जोडत नाही, असे मी म्हणालो. ते त्यांना रुचले नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. साडू राहतात त्या इमारतीच्या आवारात २००५ च्या पुराचे पाणी शिरले नव्हते, म्हणून या वेळीही शिरणार नाही, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. पाणी शिरले, आणि काही दिवस राहिले. ओसरल्यावर मी तेथे गेलो, तेव्हा मर्सिडीजच्या आसनांच्या वर चार बोटांवर चिखलाची रेघ सरळ उमटलेली होती. दार उघडताच गाळाचा आणि कुजलेल्या गालिच्याचा वास आला. साडूंनी बटण दाबून इंजिन सुरू करून पाहिले नाही, हे मात्र त्यांनी शहाणपणाचे केले. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि अशा वेळी झालेले इंजिनाचे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही.

गाडी ट्रकवर चढवून अधिकृत वर्कशॉपला गेली आणि साडेअकरा लाखांचे एस्टिमेट आले. अशा गाड्यांची अनेक कंट्रोल युनिट आसनांखाली आणि पायाखालच्या गालिच्याखाली बसवलेली असतात. आसने पुढे-मागे करणाऱ्या मोटारी, एअरबॅगचा मेंदू, ध्वनिव्यवस्था, सगळे एकाच वेळी पाण्याखाली गेलेले, आणि एक युनिट बदलले की त्याची गाडीच्या इतर यंत्रणेशी ओळख पुन्हा करून द्यावी लागते. त्याच आवारात, त्याच पाण्यात, शेजाऱ्यांची २०१४ ची वॅगनआर उभी होती. तिचे गालिचे काढले, वायरिंग वाळवले, ईसीयू (इंजिनाचे कंट्रोल युनिट), स्टार्टर आणि अल्टरनेटर बदलले, तेलं बदलली, आणि सत्तर हजारांच्या आत ती रस्त्यावर आली.

आता मुख्य गोष्ट. विम्यात गाडीची जी किंमत धरलेली असते तिला आयडीव्ही म्हणतात, आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी टोटल लॉस ठरते, म्हणजे दुरुस्तीऐवजी आयडीव्हीची रक्कमच मालकाला मिळते. पाच वर्षांपर्यंत आयडीव्हीसाठी घसाऱ्याचे ठरलेले कोष्टक आहे. त्यानंतर ती रक्कम विमा कंपनी आणि गाडीमालक यांनी आपसांत ठरवायची असते. साडूंच्या गाडीला त्या वेळी बाजारात तेरा लाख सहज आले असते. त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी एजंटाला सांगून आयडीव्ही आठ लाखांवर आणली होती, कारण त्यामुळे प्रीमियममध्ये आठ-नऊ हजार रुपये वाचत होते. परिणामी आठ लाखांतून मालकाने स्वतः सोसायचा दोन हजारांचा सक्तीचा वाटा वजा होऊन उरलेली रक्कम त्यांच्या हाती पडली आणि पाच लाख रुपये पुरात नव्हे, तर त्या एका सहीत बुडाले. आयडीव्ही तेरा लाख असती तरी साडेअकरा लाखांच्या खर्चावर गाडी टोटल लॉसच ठरली असती, आणि तेरा लाख मिळाले असते. हा हिशेब कोणीही कागदावर मांडून पाहावा.

साडू मात्र तो कधीच मांडत नाहीत. घरातल्या प्रत्येक कार्यात, पंगत बसली की त्यांचे ठरलेले वाक्य येते : "पाव्हणं, घरचा सर्व्हेअर असून काय उपेग झाला?" नात्यातल्या माणसाच्या गाडीचा सर्व्हे करणे आमच्या आचारसंहितेत बसत नाही, तो क्लेम दुसऱ्या सर्व्हेअरकडे होता आणि मी त्या सर्व्हेअरला एकही फोन केला नाही. केला असता तरी पॉलिसीवर छापलेल्या आकड्यापेक्षा एक रुपया अधिक देण्याचा अधिकार कोणत्याही सर्व्हेअरला नसतो. मनात येते ते इतकेच की, जो माणूस रस्त्यावरच्या लोकांनी आपली गाडी पंचावन्न लाखांची समजावी म्हणून धडपडतो, तोच विमा कंपनीला ती आठ लाखांची आहे असे लिहून देतो.

प्रतिष्ठेचा हा सोस केवळ आमच्या घरात नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता आणि त्याची देशभर बातमी झाली. त्यामागे आमच्या शहराकडेही पाहा, असे सांगण्याची ईर्षा होती आणि ती मला समजू शकते, शिवाय त्या गाड्या नव्या होत्या. आमच्या ऊसपट्ट्यात मर्सिडीजपेक्षा पांढऱ्या फॉर्च्युनरचा मान मोठा आहे आणि त्याहून मोठा तिच्या क्रमांकाचा. चारचाकीला '०००१' हा क्रमांक हवा असेल तर २०२४ च्या सुधारित दरांनुसार राज्यात पाच लाख रुपये मोजावे लागतात आणि मुंबई-पुण्यात सहा लाख. तेवढ्यात एक नवी लहान गाडी दारात येते. उलट बाजूने पाहिले तर टाटा नॅनो आहे. २००९ मध्ये ती रस्त्यावर आली, तेव्हा चार माणसांचे कुटुंब पावसात कोरडे राहील हा तिचा हेतू होता, पण सर्वांत स्वस्त गाडी हा शिक्का तिच्यावर बसला आणि स्वस्त म्हणवली जाणारी वस्तू दारात उभी करायला लोक धजावले नाहीत. त्या शिक्क्याने तिचे नुकसान झाले, हे रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवले होते.

मायलेजचे म्हणाल, तर महामार्गावर जुनी डिझेल ई-क्लास वाईट नाही. शहरात रोज पंधरा किलोमीटर जायचे आणि तेवढेच परतायचे, यात मात्र तिचे हाल होतात. इंजिन पुरेसे तापण्याआधीच प्रवास संपतो आणि धुराड्यातला काजळी अडवणारा फिल्टर तुंबत जातो. तरीही इंधनाचा फरक हा या व्यवहारातला लहान खर्च आहे, त्यावर निर्णय घेऊ नका. नव्या गाडीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे, तर मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. पंधरा लाखांत आज या लहान गटातली उत्तम, सहा एअरबॅगची गाडी येते आणि पैसे उरतात.

काही अपवाद सांगायला हवेत. मर्सिडीज महामार्गावर ज्या स्थिरतेने धावते आणि धडकेत आतल्या माणसांना जसे वाचवते, ते मी चेपलेल्या गाड्यांच्या आत डोकावून पाहिले आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. ज्याच्याकडे रोजची दुसरी गाडी आहे, वर्षाला दोन-अडीच लाख दुरुस्तीसाठी बाजूला ठेवण्याची तयारी आहे आणि ज्याला ती गाडी दाखवण्यासाठी नव्हे तर चालवण्यासाठी हवी आहे, त्याने कंपनीच्याच सेकंडहँड विभागातून, वॉरंटीसह, अवश्य घ्यावी. साडूंनाही गाडीचा काहीच उपयोग झाला नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही : सिमेंट आणि सळईचे व्यापारी त्यांना पूर्वीपेक्षा अधिक दिवसांची उधारी देऊ लागले होते, हे मी स्वतः पाहिले आहे. ती उधारी शेवटी फेडावीच लागली, हा भाग वेगळा.

आणि एवढे वाचूनही आपण जुनीच घेणार असाल, तर खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, तेव्हा विकणाऱ्याच्या प्रीमियमच्या आकड्यावर आपला हिशेब बांधू नका. पाण्याने झालेले इंजिनाचे नुकसान भरून देणारे इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षण मिळत असेल तर घ्या. आयडीव्ही बाजारभावाइतकी लावा, एजंटाने कितीही बचत दाखवली तरी, आणि पॉलिसी हातात आल्यावर तो आकडा स्वतः वाचा. नात्यात कोणी सर्व्हेअर असेल तर त्याला या टप्प्यावर फोन करा. गाडी पाण्यातून काढल्यानंतर केलेल्या फोनवर तो काहीही करू शकत नाही.