४१ की ४९?

"ताई, सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी १९ वर्षं दिवाणजी आहे. मार्चमध्ये एका शेतकऱ्याची राजापुरी हळदीची ४९ पोती आली. मी चिठ्ठी लिहून दिली. कॉम्प्युटरवर पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब, करणाऱ्या मुलीनं ४१ धरली. शेतकरी भांडायला आला तेव्हा ती भर दुकानात म्हणाली, 'दिवाणजींचे आकडे देवालाच कळतात.' पाच आठवडे झाले, मी तिच्याशी बोलत नाही. चिठ्ठ्या हमालाच्या हाती पाठवतो. माझ्या मुलीच्या वयाची आहे ती. शेठना सांगून तिला तिथून हलवायला लावू का?"

दादा, शेठकडे आत्ता जाऊ नका. तुम्ही एकटे गेलात की उद्या तीही एकटीच जाईल, आणि मग दुकानात दोन बाजू पडतील.

तुम्हाला लागलं, हे अगदी खरं. १९ वर्षांची इज्जत चार शेतकऱ्यांसमोर उतरली की जेवण गोड लागत नाही. तिनं तसं बोलायला नको होतं, आणि ते तिला तुमच्याकडूनच कळायला हवं. पण पाच आठवड्यांचा अबोला तुमचा आहे, दादा. म्हणून पहिलं पाऊल मी तुम्हाला टाकायला सांगते.

आपल्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, तुम्ही पाहिली असतील. जमिनीखाली तोंड लिंपून ठेवलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण आत हवाच जात नव्हती. कोंडलेला रागही तसाच ताजा राहतो. मी एका कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी दीड वर्ष बोलले नाही. त्यांची बदली झाली त्या दिवशी भांडणाचं कारण आठवायला बसले, तर धड आठवेना. ते दीड वर्ष मला अजून सलतं.

सकाळी सौद्याच्या गडबडीत विषय काढू नका. दुपारी दुकान शांत झालं की तिला बाजूला बोलवा, हमाल-तोलार कुणी जवळ नको. सुरुवात स्वतःपासून करा: "मी बोलणं सोडलं, ते माझं चुकलं. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात ते मला फार लागलं." एवढंच. "तुम्ही पोरी उर्मटच" असलं काही नको. त्या एका दिवसाबद्दल बोला, तिच्या स्वभावाबद्दल नको. वयही काढू नका. आणि मग गप्प बसून तिचं ऐका. तिलाही त्या शेतकऱ्यासमोर तोंड लपवावंसं वाटलं असेल.

नंतर ती जुनी चिठ्ठी दोघांच्या मध्ये ठेवून नीट बघा. घाईत लिहिलेला आपला १ आणि ९ किती सारखा दिसतो! शेपूट जरा वळली की आठ पोत्यांचा फरक. मला तर वाटतं, तुमचं निम्मं भांडण त्या एका आकड्यात आहे. चेकवर लिहितो तसं चिठ्ठीवर आकड्याशेजारी अक्षरी लिहा, "एकोणपन्नास". तिनं पट्टी छापण्याआधी पोती मोठ्यानं वाचावीत, तुम्ही हो म्हणावं. मेपर्यंत आवक चालेल, तोवर सवय होऊन जाईल.

एवढं करूनही ती ताठच राहिली, तर शेठकडे जा, पण दोघं मिळून, चिठ्ठी हातात घेऊन.

आणि त्या हमालदादांना उद्याच सांगा, आता निरोप न्यायचे नाहीत म्हणून. पाच आठवडे तुमच्या दोघांच्या रागाचं ओझं तेही वाहताहेत.