संगणक-शंकासमाधान : उन्हाळ्यात बंद पडणारी यंत्रे आणि वाचकांची पाच पत्रे

एप्रिल संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. हिवाळ्यात वाचक नवा संगणक कोणता घ्यावा हे विचारतात. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ येऊ लागला की जुना का बंद पडतो हे विचारतात. नागपुरात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, घरोघरी कूलर लागतात, विजेचा दाब वरखाली होतो, आणि या सगळ्याचा भार टेबलाखालच्या त्या पत्र्याच्या डब्यावर पडतो. यंदाची पत्रे वाचताना एक गोष्ट मनाला लागली. पाचपैकी तीन वाचकांनी कारण कळण्याआधीच पैसे खर्च केले होते. म्हणून यावेळी उपायाइतकीच जागा लक्षणे कशी पाहावीत यालाही दिली आहे.

प्रश्न : मुलाच्या अभ्यासाचा संगणक दुपारी अर्ध्या-पाऊण तासात आपोआप बंद पडतो. लगेच सुरू केला तर दोन मिनिटांत पुन्हा बंद होतो; रात्री मात्र दोन-दोन तास चालतो. दुरुस्ती करणाऱ्याने विंडोज नव्याने टाकून दिले, तरी फरक पडला नाही. आता तो मदरबोर्ड बदलायला सांगतो आहे. काय करावे? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडलेली मुख्य पाटी, बदलण्याची घाई करू नका. आपल्या पत्रातच निदानाचा मोठा भाग आहे. दुपारी बंद पडणे, लगेच सुरू केल्यावर आणखी लवकर बंद पडणे आणि रात्री व्यवस्थित चालणे ही तिन्ही लक्षणे एकत्र आली की पहिला संशय उष्णतेवर घ्यावा. विंडोज बिघडले असते, तर त्याने दुपार आणि रात्र असा भेद केला नसता.

संगणकाचा मेंदू असलेल्या प्रोसेसरवर बसवलेला हीट सिंक (धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा) आणि पंखा खोलीतल्या हवेनेच प्रोसेसर थंड करतात. त्यामुळे खोलीतली हवा बेचाळीस अंशांवर असेल, तर प्रोसेसर त्याहून थंड होऊच शकत नाही. डिसेंबरमध्ये जो प्रोसेसर हलक्या कामात चाळीस अंशांवर राहतो, तोच मे महिन्यात साठाच्या आसपास असतो आणि काम वाढले की बघता बघता नव्वदी गाठतो. बहुतेक प्रोसेसर पंचाण्णव ते शंभर अंशांच्या सुमारास आधी स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही तापमान वाढतच राहिले तर जळण्यापासून वाचण्यासाठी यंत्र बंद करतात. म्हणजे आपल्याला जो बिघाड वाटतो आहे, ते यंत्राने केलेले स्वसंरक्षण असण्याची शक्यता अधिक आहे.

खात्री करून घेणे सोपे आहे. संगणक बंद पडताच पुन्हा सुरू करा आणि पडदा उजळत असताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत राहा. बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीचा, जो पडदा उघडेल, त्यात प्रोसेसरचे तापमान दिसते. काहीही काम चालू नसताना तिथे ऐंशीच्या वरचा आकडा असेल, तर कारण सापडले असे समजावे.

आता कॅबिनेट उघडण्याविषयी. वायर भिंतीतून काढा, सुरू करण्याचे बटण पाच सेकंद दाबून आतली उरलीसुरली वीज जाऊ द्या आणि मगच बाजूचा पत्रा काढा. पंखा वरून स्वच्छ दिसला तरी समाधान मानू नका. धूळ पंख्यावर कमी आणि पंख्याच्या खाली, हीट सिंकच्या पातळ पात्यांच्या तोंडाशी जास्त जमते, आणि तिथे तिचा नमद्यासारखा घट्ट थर बनतो. मी पंखा काढून हा थर चिमट्याने उचलला आहे. तो अक्षरशः घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड निघतो. पंखा कितीही जोरात फिरला, तरी त्यातून हवा जाणार कशी? मऊ ब्रशने हा थर सोडवा आणि ब्लोअरने उडवून द्या. मात्र हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, कारण हवेच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते.

संगणक पाच-सहा वर्षांचा असेल, तर प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट (उष्णता पोचवणारा लेप) वाळून गेलेली असते. जुनी पेस्ट पुसून तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवली की पुरते. हे काम सरावाच्या माणसाकडून करून घेतलेले बरे. काही यंत्रांत वाळलेल्या पेस्टमुळे हीट सिंक ओढताच प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या बारीक पिना वाकतात.

कूलरबद्दल बरेच जण विचारतात. कूलरमुळे खोली थंड होते आणि त्याचा संगणकालाही फायदाच होतो. मात्र कॅबिनेट थेट झोतासमोर ठेवू नका. त्या झोताबरोबर पाण्याचे तुषार येतात, आणि बोअरवेलचे पाणी असेल तर त्यातला क्षार आतल्या भागांवर पांढरा थर धरतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून थोडे उंच ठेवावे.

हे सगळे करूनही संगणक बंद पडत राहिला, तर वेळ लिहून ठेवायला लागा. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याची मोटार सुरू होते त्याच क्षणी तो बंद पडत असेल, तर दोष विजेच्या दाबात, एसएमपीएसमध्ये (संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यात) किंवा यूपीएसच्या बॅटरीत आहे. यूपीएसची परीक्षा संगणकावर घेऊ नका. त्याला टेबललॅम्प जोडा आणि यूपीएसचा प्लग काढा. दिवा लगेच विझला, तर बॅटरी संपली आहे. या बॅटऱ्या पंचवीस अंशांचे तापमान धरून बनवतात, आणि त्यावर दर आठ-दहा अंशांना त्यांचे आयुष्य जवळपास निम्मे होते; आपल्याकडे त्या लवकर का जातात, हे यावरून ध्यानात येईल.

प्रश्न : कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. अनवाणी असताना जास्त जाणवतात. पावसाळ्यात असे होत नव्हते. हे धोक्याचे आहे का? — एक गृहिणी, इतवारी

उत्तर : होय, याकडे दुर्लक्ष करू नका. झिणझिण्या स्वतः सहसा जीवघेण्या नसतात, पण आपल्या घराचे अर्थिंग काम करत नाही अशी सूचना त्या देत आहेत.

संगणकाच्या एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात आणि त्यांतून अगदी थोडा प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यापर्यंत येतो. अर्थिंग नीट असेल, तर तो जमिनीत निघून जातो. अर्थिंग नसेल, तर पत्र्यावर मुख्य दाबाच्या साधारण निम्मा, म्हणजे सव्वाशेच्या आतबाहेर व्होल्ट दाब साचतो. प्रवाह अत्यल्प असल्याने फक्त झिणझिण्या येतात. परंतु उद्या एसएमपीएसच्या आत एखादी तार पत्र्याला टेकली, तर अर्थिंगविना तोच पत्रा पूर्ण दाबाने जिवंत होईल, आणि खरा धोका तिथे आहे.

पावसाळ्यात झिणझिण्या नव्हत्या, हे आपण आवर्जून लिहिले ते फार उपयोगी पडले. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकते, आक्रसते आणि तिला भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पाइपाभोवती ओल राहिली नाही की विजेला जमिनीत जायला वाट उरत नाही. जुन्या वाड्यांमध्ये तो खड्डा कुठे आहे हेही कित्येकदा घरच्यांना ठाऊक नसते. तो शोधा, त्यात बादलीभर पाणी ओता आणि उन्हाळाभर दर आठवड्याला ओतत राहा. त्याच सुमारास इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने बोर्ड तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये सुमारे २३० व्होल्ट दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-चारच. मेनबोर्डवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे बटण) बसवलेला नसेल, तर तोही बसवून घ्या. संगणक तीन पिनांच्या प्लगवरच लावा. दोन पिनांचे जोड वापरले, तर अर्थिंग असून नसल्यासारखे होते. कोणी अर्थची तार न्यूट्रलला जोडून देतो म्हणाले, तर ठाम नकार द्या, कारण न्यूट्रल तुटला की घरातला प्रत्येक पत्रा जिवंत होतो.

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर गावी जाऊन आलो. आता संगणकावर दर वेळी जुनीच तारीख दिसते आणि बँकेचे संकेतस्थळ उघडताना 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे येते. व्हायरस असेल का? — एक नोकरदार, मनीषनगर

उत्तर : व्हायरस नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटन सेल संपला आहे. यंत्राला वीजपुरवठा चालू असताना घड्याळ त्या विजेवर चालते. प्लग काढून आपण महिनाभर बाहेर राहिलात, तेव्हा सगळा भार त्या सेलवर पडला. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना ठरावीक मुदत असते, आणि संगणकाची तारीखच चुकीची असेल, तर ब्राउझरला ती प्रमाणपत्रे अवैध वाटतात. घड्याळजींकडे सुद्धा मिळणारा नवा सेल छापील बाजू वर ठेवून बसवा आणि बायोसमध्ये तारीख भरा. तोवर ती सूचना डावलून बँकेचे व्यवहार मात्र करू नका.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माहेरच्या आणि सासरच्या गावांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या बारा वर्षे टंकित केल्या. भाच्याने नवा संगणक घेऊन दिला आणि फायली त्यात टाकल्या, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. माझे सगळे काम गेले का? — महाल

उत्तर : बाई, एकही ओवी गेलेली नाही. आपले पत्र वाचल्यावर आधी हेच सांगावेसे वाटले.

आपण टंकित केले तेव्हा जुना मराठी फाँट वापरला असणार. त्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. फायलीत साठवले जाई ते इंग्रजी अक्षरच. फाँटमुळे डोळ्यांना मराठी दिसे. नव्या संगणकात तो फाँट नाही, म्हणून चित्र जाऊन खालचे अक्षर उघडे पडले आहे. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामायिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ पासून स्वतंत्र जागा आहेत, आणि विंडोजमध्ये ही सोय विंडोज २००० पासून आली. तरीही छपाईच्या सवयीमुळे जुने फाँट पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

फाइल उघडून त्या अनाकलनीय ओळीवर क्लिक करा. फाँट संगणकात नसला तरी वर्डमध्ये त्याचे नाव वरच्या चौकटीत दिसते. ते नाव कागदावर उतरवून घ्या. जुना संगणक अजून घरात असेल, तर त्यातल्या फाँटच्या फोल्डरमधून तो फाँट नव्या यंत्रात आणा. ओव्या जशाच्या तशा दिसू लागतील. जुना संगणक भंगारात द्यायचा विचार असेल, तर तेवढा थांबवा.

मात्र तेवढ्यावर थांबू नका, कारण पुढच्या संगणकावर पुन्हा हेच होईल. मूळ फायलींची एक प्रत बाजूला ठेवा आणि दुसरी प्रत युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. प्रत्येक जुन्या फाँटसाठी वेगळा परिवर्तक लागतो, म्हणूनच फाँटचे नाव उतरवायला सांगितले. रूपांतर झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घाला. जुन्या फाँटमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टंकित होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. ही अदलाबदल करताना जोडाक्षरांत चुका राहतात. 'पंढरीच्या' किंवा 'सूर्व्या' अशा शब्दांवर अधिक लक्ष द्या. ओवीतले बोलीतले रूप कोणत्याही तपासणी-यंत्राला चूक वाटेल. तिथे आपल्या कानावरच विश्वास ठेवा आणि दुरुस्ती स्वीकारू नका.

प्रश्न : नऊ वर्षांचा संगणक सुरू व्हायला दहा मिनिटे घेतो आणि अलीकडे आतून टक्-टक् असा आवाज येतो. त्यात घरातल्या लग्नाचे सगळे फोटो आहेत. एसएसडी टाकावी की नवाच घ्यावा? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : संथपणाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. टक्-टक् आवाज हार्ड डिस्कचा असेल, तर तिची वाचणारी सुई वारंवार जागेवर परत येते आहे आणि डिस्क कोणत्याही दिवशी थांबू शकते. हे वाचून होताच संगणक बंद करा. मोकळी जागा असलेली बाहेरची डिस्क आणा आणि मगच तो सुरू करून सर्वांत आधी लग्नाचे फोल्डर उतरवा. चित्रपट, गाणी, जुनी सॉफ्टवेअर नंतर. सगळी डिस्क एका दमात उतरवू नका, एकेक फोल्डर घ्या. एखादी फाइल अडली, तर ती वगळून पुढे जा. डिस्क तपासून दुरुस्त करण्याचा आदेश या अवस्थेत देऊ नका, कारण तो तासन्‌तास डिस्क फिरवत ठेवतो आणि उरलेसुरले आयुष्य संपवतो. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो अजिबात मानू नका. बाहेर काढताच आपल्या हवेत तिच्यावर दव धरेल. संगणकाला डिस्क दिसतच नसेल, तर माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे जा आणि आधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या.

फोटो दोन ठिकाणी सुरक्षित झाले की मग एसएसडीचा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कचा, विचार करा. २५६ जीबीची एसएसडी आणि आठ जीबी रॅम यांनी असा संगणक मिनिटाच्या आत सुरू होतो, त्यामुळे केवळ संथपणासाठी नवा घेण्याची गरज नाही. अडचण दुसरी आहे. विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार (सुरक्षेच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) तसेच, प्रोसेसर इंटेलचा असल्यास, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. नऊ वर्षांच्या यंत्रात तो बहुधा नसेल. पत्रे लिहिणे, फोटो पाहणे आणि बातम्या वाचणे एवढेच काम असेल, तर एसएसडी टाकून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली बसवा. त्यात युनिकोड मराठी नीट चालते. घरात त्याच यंत्रावरून बँकेचे आणि कराचे काम होत असेल आणि लिनक्सची सवय कोणालाच नसेल, तर नवा घ्या, आणि जुनी डिस्क फोटोंची खातरजमा होईपर्यंत कपाटात जपून ठेवा.