भरलेली दाढ नीट भरली आहे का?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी खालची दाढ दाताच्या रंगाच्या मसाल्याने भरून घेतली. तेव्हापासून दोन दाढांच्या मध्ये पालेभाजी अडकते, फ्लॉस घातला की धागा फाटतो. दुसऱ्या दवाखान्यात म्हणाले, फिलिंगच्या कडेला तपकिरी रेघ दिसते, सगळं काढून नवं भरा. काय करू?
– वाचक, सांगली

उत्तर : रेघेपेक्षा फाटणाऱ्या धाग्याकडे आधी लक्ष द्या. दोन दाढांमधली बाजू भरताना दाताभोवती धातूची पातळ पट्टी लावतात आणि हिरडीजवळ छोटी पाचर ठोकून ती घट्ट बसवतात. पाचर सैल राहिली तर मसाला खाली सरकतो आणि हिरडीवर कंगोरा तयार होतो. धागा त्याच्यावर फाटतो, तिथे मळ साचतो आणि हिरडीतून रक्त येऊ लागतं. धागा अजिबात अडथळा न होता आत-बाहेर होत असेल, तर दोन दाढा एकमेकींना टेकतच नाहीत. शाबूत ठिकाणी धागा किंचित अडकून ‘टक्’ करून आत जातो; शेजारच्या दातांत घालून फरक पाहा.

कंगोरा बहुतेक वेळा घासून काढता येतो. फट मात्र घासून बुजत नाही, ती बाजू पुन्हा भरावी लागते. ठरवण्याआधी बाइटविंग एक्स-रे काढून घ्या. त्यात वरच्या-खालच्या दाढांचे माथे एकत्र दिसतात आणि फिलिंगची खालची कड तपासता येते.

आता तपकिरी रेघ. नुसता डाग म्हणजे कीड नव्हे. चहा, तंबाखू, मिसरीने कडेला रंग चढतो आणि पॉलिश केल्यावर बरेचदा जातो. दात वाळवून, चांगल्या उजेडात पाहिल्यावर कडेला भोक पडलेलं किंवा दात मऊ झालेला आढळला, तरच कीड समजावी. एक्स-रेत फिलिंगखाली दिसणारी बारीक काळी रेघही कधीकधी चिकटवायच्या द्रवाच्या थराची असते, म्हणून एकट्या एक्स-रेवर निकाल देऊ नये.

फिलिंग तपासण्यासाठी एफडीआय या जागतिक दंत महासंघाचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेले निकष आहेत. त्यांत पाच श्रेणी आहेत, आणि चौथीचा अर्थच असा की काम समाधानकारक नाही, पण दुरुस्त होईल. पूर्ण काढण्याची पाळी पाचवीत येते. हा फरक फार मोलाचा आहे, कारण जुनं फिलिंग उकरताना चांगला दातही थोडा जातो आणि खड्डा नसेच्या जवळ सरकतो. तेव्हा “तेवढाच भाग दुरुस्त होईल का?” असं स्पष्ट विचारा.

प्रश्न : दाढ भरल्यापासून चावताना कळ येते, थंडही लागतं. थांबू का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : थंड लागणं दोन-तीन आठवडे चालतं, पण ते दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. चावताना कळ येते ती बहुधा फिलिंग उंच राहिल्याने. जबडा बधिर असताना चाव नीट कळत नाही. परत जा, रंगीत कागद चावायला देऊन ठळक ठिपका उठेल तिथे थोडं घासतात, पाच मिनिटांचं काम आहे. तरीही कळ राहिली तर आतली कारणं शोधावी लागतील : कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा मसाला, साधारण 2 मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर दिव्याने कडक करतात. जाड थर एकदम भरला तर तळ कच्चा राहतो, शिवाय कडक होताना मसाला आकसून कडेला फट पडू शकते. गरम प्यायल्यावर ठणका रेंगाळत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर नस सुजलेली असू शकते. तेव्हा थांबू नका, लगेच दाखवा.