रत्नागिरीच्या बाजूला गर्दी टाळून पायी फिरण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात चार दिवस आहेत, सोबत 68 वर्षांच्या सासूबाई आहेत, पॅरासेलिंग-बनाना राईड काही नको, मोकळ्या हवेत चालता आलं म्हणजे झालं. बहुतेक जण तुम्हाला गणपतीपुळे सुचवतील. दर्शनाला जरूर जा, पण नाताळच्या आठवड्यात तिथं चालायचं म्हणजे पुढच्या माणसाची पाठ बघत सरकायचं.

मी रत्नागिरीत राहतो, आजोळ राजापूर तालुक्यातलं. माझं ऐकाल तर चालण्यासाठी रत्नागिरीहून उत्तरेला जाऊच नका. भाट्याचा पूल ओलांडून दक्षिणेला वळा. पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे आणि वेळ उरला तर आंबोळगड. मुक्काम कशेळी-आडिवऱ्याच्या आसपास घरगुती ठिकाणी करा आणि तिथून रोज एकाच दिशेला निघा. चार दिवसांत दहा ठिकाणं ‘करायची’ असतील तर हे उत्तर तुमच्या कामाचं नाही.

आधी एक सांगतो. बाहेरच्या माणसाला कोकण म्हटलं की पुळण, म्हणजे वाळूचा किनारा दिसतो. पुळणीवर माणूस फार तर अर्धा तास चालतो, मग शहाळं घेऊन बसतो. चालायची खरी जागा म्हणजे सडा. जांभ्या कातळाचं उघडं पठार, वर झाड नाही की घर नाही. गाव खाली वाडीत, माडा-पोफळींच्या सावलीत. वाडीतून गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या पाणंदीने जायचं, घाटी चढून सड्यावर यायचं आणि सड्याची कड संपली की खाली समुद्र. गारव्यातून एकदम उजेडात आणि उजेडातून वाऱ्यात असं ते चालणं आहे. ‘कुठं निघालाव?’ असं वाटेत दोन-तीन जण तरी विचारतील. चौकशी नसते ती, आमच्याकडे नमस्कारच तसा असतो.

डिसेंबरात सड्यावरची फुलं मात्र संपलेली असतील. पहिल्या पावसात दिपकाडीचे पांढरे तुरे येतात, सप्टेंबरात सीतेची आसवं आणि गेंद यांनी कातळ जांभळा-पांढरा होतो. तुम्हाला गुडघाभर पिवळं गवत मिळेल आणि त्यात वाऱ्याच्या लाटा. मला विचाराल तर तेही काही कमी नाही.

आता कशेळी. इथल्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, म्हणजे जांभ्यात कोरलेल्या आकृत्या, काही हजार वर्षांपूर्वीच्या. सगळ्यात मोठी आकृती हत्तीची, सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, आणि त्या हत्तीच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी, मासे कोरलेले. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी गेल्या दशकात सडे पायी तुडवून अशा आकृत्या शोधून काढल्या. 2022 मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातली एक अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, त्यात कशेळी आहे.

पण ही बघायची वेळ चुकवू नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भर दुपारी बारा वाजता गेलो होतो. समोर नुसता काळा-तांबडा कातळ आणि त्यात काही खाचा. हत्ती कुठला आणि ढेकूळ कुठलं, काही कळेना. बरोबरचा मामेभाऊ तर म्हणाला, यासाठी गाडी काढली होय? पुढच्या खेपेला संध्याकाळी पाचनंतर गेलो. ऊन आडवं झालं, खाचांमध्ये सावली भरायला लागली आणि आधी एक पाय उमटला, मग पोटाची रेघ, मग सोंड. दहा मिनिटांत अख्खा हत्ती कातळातून वर आल्यासारखा झाला. मामेभाऊ गप्प. सकाळी लवकर गेलात तरी चालेल, पण दुपारी नको. आणि कृपा करून आकृतीवर पाय देऊ नका. फोटो छान यावा म्हणून खाचांमध्ये रांगोळी नाहीतर पावडर भरणारे महाभाग असतात, तसलं काही करू नका. जांभा दिसतो दणकट, पण झिजतो.

त्याच गावात कनकादित्याचं मंदिर आहे. सूर्याची मंदिरं आपल्याकडे मोजकी, त्यातलं हे जुनं. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके 1113 चा, म्हणजे इसवी सन 1191 चा ताम्रपट या गावाशी निगडित आहे. मंदिरात गेलात की मान वर करा, लाकडी छतावरचं कोरीवकाम बघत सासूबाईंचा अर्धा तास सहज जाईल. रथसप्तमीचा उत्सव इथला मोठा, पण तो माघात, तुमच्या हाती लागणार नाही. आख्यायिका अशी की सौराष्ट्रातून मूर्ती घेऊन निघालेलं जहाज कशेळीसमोर अडलं, पुढे हलेना, म्हणून खलाशांनी मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली. पुढे कनका नावाच्या सूर्यभक्त गणिकेला दृष्टांत झाला आणि देव गावात आला. ती घळ म्हणजेच देवघळी.

आधी मंदिर बघा, मग देवघळीकडे चालत जा. देव ज्या वाटेने आला असं म्हणतात, तीच वाट उलटी. शेवटी सडा तुटतो आणि दोन कड्यांच्या मध्ये छोटीशी पुळण दिसते. सूर्यास्त वरूनच बघा. खाली उतरायला वाट आहे, पण पोहायला जागा नाही, पाणी कातळावर आपटतं. सासूबाईंना वरच बसवा, त्यांना दिसायचं ते सगळं तिथून दिसतं.

इथं एक अनुभव सांगतो. परतताना मी शहाणपणा करून मोबाईलवरच्या नकाशात दिसणारी जवळची पायवाट धरली. वाट एका गडग्यापाशी संपली. गडगा ओलांडून पुढे गेलो तर समोर चिरेखाण. जांभ्याचे चिरे काढून झालेला सरळसोट खड्डा, दोन पुरुष खोल, आणि कडेला कठडा वगैरे काही नाही. उजेड होता म्हणून हे उत्तर लिहितोय. अंधार पडल्यावर सड्यावर आडवाटेने जायचं नाही. बॅटरी असली तरी नाही.

देवाचे गोठणे हे गाव वाकडी वाट करून बघण्यासारखं. भार्गवरामाचं मंदिर, त्यामागून चढून सड्यावर गेलं की माणसाची कोरलेली आकृती. मुलांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे तिथं होकायंत्र कातळावर ठेवलं की काटा भलतीकडे फिरतो. सासूबाईंना मात्र चढ जाणवेल. त्या खाली देवळात थांबू शकतात, जागा शांत आहे.

एक सकाळ गावखडीला द्या. सुरूचं बन, पलीकडे लांबलचक पुळण आणि मुचकुंदी नदीचं मुख. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चालायला हीच जागा बरी, पण ओहोटीला जा, म्हणजे ओली घट्ट वाळू मिळते. वेळ काढायचा आमचा हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठाला पाऊणने गुणलं की सहा, म्हणजे भरती साधारण सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला 15 धरायचे, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी पाचच्या पुढे. थोडं इकडेतिकडे होतं, पण फिरायला पुरतं. गावखडीला कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर डिसेंबर लवकर होतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये या.

पूल ओलांडला की पूर्णगड. नावाच्या मानाने किल्ला लहान, अर्ध्या तासात तटावरून फेरी होते. समुद्राकडच्या दारात मात्र दहा मिनिटं बसा, वारा कसला येतो!

जाता-येता गणेशगुळ्याला उतरलात तर ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ ही म्हण कुणाकडून तरी ऐकायला मिळेलच. देव गेला तो गेला, पाठोपाठ गर्दीही घेऊन गेला. गुळ्याची पुळण अजून रिकामी असते. आंबोळगड लांब पडतो, शेवटच्या दिवशी दम असेल तर जा.

जेवणाचं आदल्या रात्री सांगून ठेवा. वाटेवर हॉटेलं दिसतील या भरवशावर निघालात तर वेफर्स खाऊन राहाल. घरगुती जेवणात कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, सोलकढी एवढं तरी हक्काने मागा. मासे हवे असतील तर तेही आदल्या दिवशीच बोला, ब्राह्मणवाडीत उतरलात तर मिळणार नाहीत. सड्यावर पाणी मिळत नाही, माणशी एक बाटली बरोबर घ्या आणि सकाळी दहाच्या आत खाली उतरा. डिसेंबरातही कातळ तापतो.

आणि चपला नकोत, मागे पट्टा असलेलं काहीतरी घाला. जांभा खरबरीत असतो, चढताना पाय धरतो, पण घाटीवरच्या बारीक खड्यांवरून उतरताना घसरायला होतं. सासूबाईंना काठी लागली तर वाडीतल्या कुठल्याही घरी मागा, देतात. परतताना तेवढी आठवणीने पडवीत टेकवून ठेवा.