मासा गेला, आधी पाणी तपासा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीच्या साफसफाईत माशांची टाकीही घासून काढली. ४० लिटरची टाकी, त्यात दोन गोल्डफिश. खडे, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली धुतलं आणि पाणी पूर्ण बदललं. तिसऱ्या दिवशी मोठा मासा मेलेला दिसला. पाच वर्षं घरात होता. आपल्याच हातून गेला, हे डोक्यातून जात नाही. आता दुसराही वर येऊन तोंड उघडझाप करतोय.
– एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी जो जिवंत आहे त्याचं बघू. आज-उद्या त्याला खायला घालू नका. गोल्डफिशला दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. टाकीतलं पाव पाणी, म्हणजे १० लिटर, काढा आणि तेवढंच नवं घाला. आठवडाभर रोज हेच करायचं. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येत असेल, तर त्या दिवशीच एक ड्रम फक्त माशासाठी भरून ठेवा. त्यात अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला, आणि ते नसेल तर एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून २४ तास उघडं ठेवा. पाणी ओतण्याआधी दोन्हीकडे थर्मामीटर धरा, फरक एक-दोन अंशांहून जास्त नको. एअर पंप रात्रीही चालू राहू द्या. जाडं मीठ लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला ४० ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडं थोडं सोडा. पुढे पाण्यात वाढणाऱ्या नायट्राइट या विषारी घटकापासून ते माशाला वाचवतं. हे मीठ एकदाच. नंतर रोज १० लिटर बदलाल तेव्हा फक्त त्या १० लिटरपुरतं १० ग्रॅम.

आता दोषाचं. कारण बहुधा ती साफसफाईच आहे. नाही म्हणून तुमची समजूत काढण्यात अर्थ नाही. स्पंजवर आणि खड्यांवर जिवाणूंचा थर असतो. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनने तो थर मेला. तो पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर अमोनिया साचत राहतो. तिसरा दिवस हीच त्याची खूण. क्लोरीनने किंवा पाणी एकदम गार पडल्याने मासा जातो तो बहुतेक काही तासांतच.

त्यात पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, हे महत्त्वाचं. २५ अंशांवर पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. बोअरिंगचं जड पाणी मिसळत असाल तर हे ध्यानात ठेवा. थेंबांचा टेस्ट किट घ्या. बहुतेक किटमध्ये पिवळा रंग म्हणजे शून्य आणि हिरवा जितका गडद तितका अमोनिया. मेलेल्या माशाचे डोळे पांढरे झाले होते म्हणून रोग शोधत बसू नका. मेल्यानंतर काही तासांत ते होतातच.

पुढच्या वेळी स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, नुसता पिळून घ्यायचा. साबण नाही, नळ नाही. खडे आणि स्पंज एकाच दिवशी तर कधीच नाही. दुकानदार काचेचं भांडं विकतात, हे सांगत नाहीत, त्यामुळे तुमच्यासारखी नीटनेटकी माणसंच यात सापडतात. आणि दोन गोल्डफिशना ४० लिटर कमीच. एकट्याला ७५ लिटर तरी हवं. चांगल्या पाण्यात तो दहा-पंधरा वर्षं जगतो.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची. ती शाळेत असताना तिचा निळा फायटर मासा मेला. सासूबाई म्हणतात, ती यायच्या आत तसाच दुसरा आणून सोड, पोरीला कळणारही नाही. आणि मेलेल्याचं काय करायचं?
– लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आणू नका. रोज काचेला नाक लावून बसणाऱ्या पोरीला शेपटीचा फाटका कोपरा पाठ असतो. शिवाय पहिला कशाने गेला हे कळल्याशिवाय दुसरा त्याच पाण्यात टाकणार का? तिला ‘मेला’ असंच सांगा. ‘झोपला’ म्हणालात तर रात्री डोळे मिटायला ती घाबरेल, ‘गावी गेला’ म्हणालात तर वाट बघेल. या वयात मेलेलं परत येत नाही हे एकदा सांगून पटत नाही. तेच पाच वेळा विचारेल, पाचही वेळा तेच उत्तर द्या. फायटर दोन ते चार वर्षं जगतो, आणि दुकानात येतो तेव्हाच बहुधा सहा महिने-वर्षाचा असतो, हेही सांगा. बघायचा असेल तर बघू द्या.

पुरायचा असेल तर १२ इंची कुंडी पुरे. निदान २० सेंटिमीटर खाली ठेवा, माती दाबा, वर फरशीचा तुकडा, नाहीतर मांजर उकरतं. औषध चालू होतं तर तुळस किंवा खायची भाजी असलेली कुंडी नको. कुंडी नसेल तर कागदात गुंडाळून गाडीच्या ओल्या कचऱ्यात द्या, प्लास्टिकची पिशवी नको. इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो. त्यात अनादर कसला? फ्लश करू नका. आणि सासूबाई विसर्जन म्हणाल्या तर सिरपूरच्या तलावात तर नकोच. २०२२ पासून तो रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, आणि घरच्या टाकीतला रोग तिथल्या माशांना लागू शकतो.

प्रश्न : माशाचं पोट फुगून खवले उभे राहिलेत, खाणं बंद आहे. त्याचे हाल बघवत नाहीत. फ्रीजरमध्ये ठेवलं तर शांतपणे जाईल का?
– राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नाही, गोल्डफिशसारख्या थंडी सोसणाऱ्या माशाला तो लांबलेला छळ होतो. पशुवैद्य गाठता आला तर आधी त्यांना दाखवा. खवले असे उभे राहिले की मासा क्वचितच वाचतो. दुसरा इलाज नसेल तर मेडिकलमधलं लवंग तेल घ्या. मासा त्याच्याच टाकीतल्या मोजून घेतलेल्या पाण्यात ठेवा. तेल छोट्या बाटलीत कोमट पाणी घालून दुधासारखं होईपर्यंत हलवा, नाहीतर ते वर तरंगतं. आधी दोन-चार थेंबांएवढंच सोडा. तो आडवा होऊन निपचित पडला की उरलेलं. एकूण माप लिटरला ०.४ मिलिलिटर. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास बाहेर काढू नका.

प्रश्न : निवृत्तीनंतर सकाळी आठला माशाला दाणे घालायचे हा नेम होता. तो गेल्यापासून करमत नाही. घरचे हसतात, ‘मासाच तर होता.’ नवीन कधी आणू?
– सुदामानगर, इंदूर

उत्तर : काका, हसू द्या. ज्याचा नेम मोडला त्यालाच तो रिकामा वेळ कळतो. तूर्त आठची वेळ टाकीलाच द्या. मासा रोगाने गेला नसेल तर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर दाणे घाला, म्हणजे जिवाणू उपाशी मरणार नाहीत, आणि पाणी तपासून वहीत लिहा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत, असं सलग आठवडाभर आलं की एकच मासा आणा. रोग असेल तर स्पंज टाकून द्या. टाकी, जाळी, पाइप धुऊन चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा, आणि फिल्टरवर जिवाणूंचा थर पहिल्यापासून बसू द्या. त्याला महिना-दीड महिना जाईल.