हंटिंग रायफलची नळी तापली की ग्रुप सरकतो का? दोन गोळ्यांमध्ये किती वेळ थांबावं?

तुम्ही लिहिलंय की टेक्ससमध्ये घेतलेल्या बारीक नळीच्या .३०८ कॅलिबरच्या रायफलने १०० यार्डांवर पहिल्या तीन गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ बसतात, आणि चौथी-पाचवी वर उजवीकडे जाते, म्हणजे ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) सरकतो. नळी तापल्यामुळेच हे होतं का, आणि किती मिनिटं थांबायचं, असा प्रश्न.

बहुतेक तापण्यामुळेच होत असणार. तरी सगळं खापर नळीवर फोडण्याआधी खात्री करून घ्या. एकाच बॉक्समधल्या दहा गोळ्या घ्या आणि दोन कागद लावा. एका कागदावर पाच गोळ्या, प्रत्येकीनंतर नळी पूर्ण थंड होऊ देऊन. दुसऱ्यावर पाच, साधारण अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने. कुठलं भोक कितव्या गोळीचं, हे स्पॉटिंग स्कोपमधून बघून वहीत टिपत जा. थंड नळीच्या कागदावरही चौथी-पाचवी भरकटली, तर नळीचा दोष नाही. हलक्या .३०८ चा धक्का खांद्याला चांगलाच जाणवतो आणि तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून माणूस नकळत ट्रिगर हिसकायला लागतो. पाच गोळ्यांचा एकच ग्रुप फसवतो, म्हणून हाच प्रयोग आणखी एखाद्या दिवशी पुन्हा करा.

आता उष्णता येते कुठून ते बघू. माझी सुरुवात पुण्यात बालेवाडीला .२२ प्रोनने (छोट्या .२२ रायफलने, पोटावर झोपून) झाली. तिथे नळी तापते हा विषयच कधी निघाला नाही, कारण .२२ च्या काडतुसात दारू असते जेमतेम एक-दोन ग्रेन (दारू मोजायचं छोटं वजन). कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन विश्वविजेत्या झाल्या. त्या प्रकारात साठ गोळ्या असतात, आणि मध्ये नळी थंड करत कुणी बसत नाही. तुमच्या .३०८ मध्ये मात्र ४२ ते ४५ ग्रेन, म्हणजे जवळपास पावणेतीन-तीन ग्रॅम दारू एका वेळी जळते. त्या ऊर्जेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गोळीला मिळतो. उरलेली बरीचशी गरम वायूबरोबर नळीच्या तोंडातून निघून जाते आणि राहिलेली नळीच्या पोलादात शिरते. सव्वा किलोच्या बारीक नळीचा हिशेब मांडला तर प्रत्येक गोळीमागे ती साधारण चार-पाच अंशांनी तापते. म्हणजे सलग दहा गोळ्या मारल्या की चाळीस-पन्नास अंशांची वाढ. अडीच किलोच्या जाड नळीत तेवढीच उष्णता दुप्पट पोलादात पसरते, म्हणून ती सावकाश तापते. पण ती निवतेही सावकाश, हे जाड नळीची जाहिरात करणारे सांगत नाहीत.

नुसती तापलेली नळी गोळी वाकडी पाठवत नाही. सगळीकडून सारखी तापली तर ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी लांबते, आणि त्याने काही बिघडत नाही. अडचण होते ती असमान तापण्याने. चोवीस इंची नळीची एक बाजू दुसरीपेक्षा फक्त एक अंशाने गरम असेल, तर कागदावरच्या गणिताने तिचं तोंड एक एमओएपेक्षा (एमओए म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग) थोडं जास्त वळतं. १०० यार्डांवर हा फरक इंचभराहून जास्त! रणगाड्यांच्या तोफांवर, आपल्या अर्जुनच्या सुद्धा, नळीभोवती थर्मल स्लीव्ह घातलेली असते ती याचसाठी. ऊन, वारा, पाऊस एकाच बाजूने लागला की तोफही वाकते.

रायफलमध्ये हा असमानपणा दोन ठिकाणांहून येतो. एक म्हणजे नळी बनवताना पोलादात राहून गेलेले ताण. नळी तापली की ते तिला एका ठराविक बाजूला ओढतात. दुसरं कारण जास्त नेहमीचं आणि फुकटात तपासता येण्यासारखं: स्टॉकचा (रायफलच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या दांड्याचा) पुढचा भाग नळीला कुठेतरी टेकलेला असणं. एक डॉलरची नोट नळीखाली सरकवून अगदी रिसीव्हरपर्यंत (नळी जिथे बसवलेली असते त्या मागच्या धातूच्या भागापर्यंत) ओढून बघा. अडली तर तिथे स्पर्श आहे. मग हीच तपासणी दहा गोळ्यांनंतर, आणि रायफल बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या आधारावर) वजन देऊन ठेवलेली असताना पुन्हा करा. स्वस्त प्लास्टिक स्टॉक बायपॉडवर दाबला की वर वाकून नळीला चिकटतो, आणि टेबलावर सगळं ठीक दिसतं. ॲक्शनचे स्क्रू (रिसीव्हर स्टॉकला धरणारे) निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढे घट्ट, आहेत का तेही बघून घ्या. तुमच्या गोळ्या दर वेळी एकाच दिशेला, वर उजवीकडे जातायत, त्यामुळे माझा पहिला संशय स्टॉकवर आहे. नुसत्या दमण्याने ग्रुप बहुधा असा शिस्तीत सरकत नाही, चहूबाजूंनी फुगतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. तापलेल्या नळीवरून उठणारी हवा स्कोपसमोर लहरते आणि टार्गेट असतं त्याहून वर किंवा बाजूला दिसतं. तेव्हा नळी सरळच असते, डोळा फसतो. बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून बारीक ग्रुप साधणारे) नळीवर रुंद पट्टी ताणून बसवतात ती यासाठीच.

थंड करायचं तर बोल्ट (नळीचं मागचं टोक बंद करणारा दांडा) उघडा, रायफल सावलीत तोंड वर करून उभी ठेवा. गरम हवा धुराड्यासारखी वर निघते आणि चेंबरमधून (नळीच्या मागच्या भागातून, जिथे काडतूस बसतं) गार हवा आत ओढली जाते. चेंबरमध्ये वारा घालणारा छोटा बॅटरीचा पंखा मिळतो, हवेच्या गादीचा पंपही चालतो. ओलं फडकं एकाच बाजूला टाकू नका, वर सांगितलेला एका अंशाचा हिशेब आठवा. आणि तापलेल्या चेंबरमध्ये गोळी भरून निवांत नेम धरत बसू नका. आतली दारू गरम होते, दाब आणि वेग वाढतो, आणि ती गोळी वेगळ्याच उंचीवर लागते.

तापमान मोजायला लेझरचा थर्मामीटर घेतलात तर चकचकीत स्टेनलेसवर तो वाट्टेल तो आकडा दाखवतो. नळीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. काहीच नसेल तर चेंबरच्या थोडं पुढे नळी मुठीत धरा. पाच सेकंद आरामात धरवत नसेल तर ती पन्नास अंशांच्या आसपास किंवा वर गेलीय, थांबा.

किती मिनिटं? बारीक नळी, टेक्ससचा ऑगस्ट, ३८ अंश तापमान: तीन गोळ्या, मग पंधरा-वीस मिनिटं. नोव्हेंबरात बरंच कमी. मधल्या वेळात सोबत .२२ नेऊन सराव करा, नाहीतर हात शिवशिवतो आणि घाई होते.

पण तुम्हाला ही रायफल हरणासाठी हवी आहे ना? मग पाच गोळ्यांचा ग्रुप तुमच्या कामाचाच नाही. हरणावर जाईल ती थंड नळीची पहिली गोळी. रेंजवर गेलात की नळी साफ न करता पहिली गोळी एका राखून ठेवलेल्या कागदावर मारा, तारीख लिहा, कागद घरी आणा. पुढच्या वेळी तोच कागद. अशा आठ-दहा गोळ्या जमल्या की तुमच्या रायफलचा खरा ग्रुप हातात येईल, आणि झीरो (स्कोपचा नेम) त्याच्या मध्यावर लावा. तो ग्रुप दोन इंचांच्या आत असेल तर नवीन जाड नळीवर पैसे घालवू नका, डोंगरात ती खांद्यावरून वाहायची तुम्हालाच आहे.

स्टॉक कुठला आहे आणि नोट अडली का, ते कमेंटमध्ये कळवा.