आकाशगंगेच्या मॉडेलमध्ये बुध ते नेपच्यून कुठे दाखवायचे?

तुम्ही विचारलंय, मुलीला शाळेसाठी आकाशगंगेचं मॉडेल करायचंय, तर त्यात ग्रह कुठल्या भुजेवर, म्हणजे मध्यापासून वळत बाहेर जाणाऱ्या ताऱ्यांच्या कुठल्या पट्ट्यावर, चिकटवायचे. कुठेच चिकटवू नका. यावर मी सोलापुरात नववीत असताना भांडलोय, म्हणून लिहितो.

१९९४ साल. अण्णा पूर्व भागात मागावर कामाला. कारखान्यातून सेकंडला निघालेली एक गडद निळी चादर त्यांनी मला आणून दिली, नव्वद इंच लांब. आकाशगंगेचा व्यास साधारण १ लाख प्रकाशवर्षं (प्रकाश एका वर्षात जातो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष), तो म्हणजे चादरीची लांबी. पांढऱ्या रंगानं भुजा काढल्या. मध्यापासून जवळजवळ दोन फुटांवर, धनु आणि ययाती या मोठ्या भुजांच्या मधल्या ओरायन नावाच्या छोट्या भुजेत, सुईनं एक मिलिमीटरचं भोक पाडलं आणि मागे बल्ब लावला. चांगल्या कापडाला भोक पाडताना अण्णांचा जीव वरखाली झाला, पण ते बोलले नाहीत.

प्रदर्शनात परीक्षक सर आले. "नुसतं भोक दाखवतो काय बे? नऊ ग्रह कुठं आहेत?" मी म्हणालो, सर, सगळे या भोकात आहेत. शेजारच्या मुलानं थर्माकोलच्या चकतीवर गुरू एका भुजेवर आणि शनी दुसऱ्या भुजेवर टोचला होता. पहिला नंबर त्याला मिळाला. अण्णांनी चादर घडी करून सायकलच्या कॅरियरला बांधली.

सरांनी हिशेब विचारलाच नाही. तो असा: त्या चादरीवर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४४ प्रकाशवर्षं. त्या भोकात सूर्य होता, तसे व्याध आणि श्रवण हे शेजारचे तारेही होते. सूर्याचा प्रकाश नेपच्यूनपर्यंत चार तासांत पोचतो. म्हणजे नेपच्यूनची अख्खी कक्षा त्या चादरीवर कापसाच्या एका तंतूच्या जाडीपेक्षाही शेकडो पटींनी लहान! मीसुद्धा ग्रहांना फार मोठी जागा दिली होती.

भुजांवर ग्रह टोचलेले तक्ते आजही दुकानात मिळतात. ते सरळ चूक आहेत, मुलांच्या डोक्यात आयुष्यभराचा गोंधळ घालतात.

कोणता ग्रह आकाशगंगेच्या केंद्राच्या जवळ, हेही तुम्ही विचारलंय. ते कायम एकाच ग्रहाचं नसतं; सूर्याभोवती फिरताना कधी हा केंद्राच्या बाजूला येतो, कधी तो. शिवाय ग्रहांच्या कक्षांचं प्रतल आकाशगंगेच्या प्रतलाला सुमारे ६० अंशांनी कललेलं आहे. सूर्य या सगळ्यांना घेऊन सेकंदाला २२० किलोमीटरच्या आसपास वेगानं केंद्राभोवती जातो, एका फेरीला २२-२३ कोटी वर्षं लागतात.

केंद्राची दिशा मुलीला प्रत्यक्ष दाखवा. मे महिन्यात रात्री दोन-अडीचला गच्चीवरून दक्षिणेला, मूळ नक्षत्राच्या जवळ. शहरात उजेड फार, सोलापूरबाहेर नान्नजकडे गेलात तर आकाशगंगेचा पट्टा नीट दिसेल.

एक राहिलं. केंद्रापासूनचं आपलं अंतर मी २६ हजार प्रकाशवर्षं धरलंय, पुस्तकांत थोडं इकडेतिकडे सापडेल. आकाशगंगेच्या तबकडीची कडाही चादरीसारखी शिवलेली नसते, त्यामुळे १ लाख हा ढोबळ आकडा.

मॉडेलखाली हा ४४ प्रकाशवर्षांचा हिशेब मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा. आणि परीक्षकांनी ग्रह विचारले तर तिनं भोकाकडेच बोट दाखवावं. तुम्ही तिच्या शेजारी उभे राहा, आणि हिशेब वाचल्याशिवाय त्यांना पुढच्या टेबलाकडे जाऊ देऊ नका.